सुगंधाआडची तंबाखू

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या बंदीचा मजकूर मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो. अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त दरवर्षी जो आदेश काढतात, त्यात गुटखा आहे, पानमसाला आहे, आणि २०१३ पासून सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा आणि खर्राही आहे. साधी तंबाखू त्यात नाही. उल्हासनगर स्टेशनबाहेरच्या टपरीवर गाय छाप तंबाखूची पुडी आणि चुना मागितला, तर टपरीवाला उघडपणे देतो. त्या पुडीवर कर भरलेला असतो आणि वेष्टनावर कर्करोगाचं चित्र असतं. तंबाखूत वेलदोडा, गुलाब, पेपरमिंट किंवा केवडा मिसळला की तोच माल बेकायदा ठरतो आणि गल्ल्याखाली जातो.

म्हणजे आपल्या राज्याचा कायदा तंबाखूच्या पानाला हात न लावता तिच्या वासाला धरून बसला आहे. हे ठरवून झालेलं नाही, न्यायालयीन अडचणींतून वाट काढताना असं घडत गेलं. ती हकीकत पुढे येईलच. पण वैद्यकाच्या बाजूने पाहिलं तर बोट अगदी नेमक्या जागी पडलं आहे. व्यसन लावण्याचं काम निकोटीन करतं, हे खरंच. पण निकोटीनपर्यंत माणसाला, आणि विशेषतः तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला, नेऊन पोचवण्याचं काम वास आणि चव करतात. ही पुस्तिका त्या वासाबद्दल आहे. तंबाखू वाईट आहे हे सांगायला नव्या पुस्तिकेची गरज नाही; ते प्रत्येक पुडीवर ठसठशीत छापलेलं असतं आणि तरीही पुडी खपते. का खपते, हे समजून घेण्यासाठी ही पानं लिहिली आहेत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथले शिक्षक, दंतवैद्य, आशा सेविका आणि पालक हे या पुस्तिकेचे वाचक असावेत, अशी आमची इच्छा आहे. मध्य रेल्वेच्या कर्जतकडे जाणाऱ्या फाट्यावरची ही एकापाठोपाठची गावं. तिघांचे स्वभाव वेगळे, आणि तिथली तंबाखूही वेगवेगळ्या वाटांनी आली. उल्हासनगर १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं. अजूनही तिथे पत्ता सांगताना माणूस आधी कॅम्पचा आकडा सांगतो. फर्निचर, पापड, कापड, जीन्स. जे बनवता येतं आणि विकता येतं ते सगळं या गावाने केलं. जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांत माणूस मशीनवर एकदा बसला की पुढचे कित्येक तास उठत नाही. आजूबाजूला कापडाचे तुकडे आणि धाग्यांचा भुसा, तिथे विडी पेटवणार कोण? दाढेखाली काहीतरी धरायचं आणि सुई चालवत राहायचं.

अंबरनाथची गोष्ट याहून मजेशीर. १९२० च्या दशकात आलेल्या विम्कोच्या काडेपेटी कारखान्याने या गावाला औद्योगिक ओळख दिली. कारखाना गेला तरी विम्को नाका आहेच. काड्यापेट्यांच्या या गावात पुढे औद्योगिक वसाहती आल्या, रसायनांचे कारखाने आले, आणि ज्वालाग्राही द्रावणांच्या त्या कारखान्यांत काडेपेटी आत न्यायलाच मनाई झाली. फाटकावर तपासणी होते, लायटर आणि काड्या काढून घेतात. बारा तासांची पाळी करणारा कंत्राटी कामगार मग धुराकडून चघळण्याकडे वळतो. धूम्रपानाविरुद्धचे फलक त्या फाटकावर हवे तेवढे लावा, त्याच्या व्यसनाला त्याने धक्का लागत नाही.

बदलापूर दोन प्रकारचं आहे. एक, पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांचं. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, आणि गाडीत कुणी पेटवली तर चार लोक ओरडतातही. पण ओठाआड पुडी रिकामी करणाऱ्याकडे कुणी बघत नाही. खूण मागाहून दिसते, दाराच्या पत्र्यावर आणि रुळांवर. दुसरं बदलापूर गावाबाहेरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांचं. तिथे बायकांच्या हातात मशेरी असते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू दातांना लावायची, सकाळी एकदा, मग दुपारी, मग झोपताना. तिला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणंच म्हणतात. मशेरीत विकतचा सुगंध नसतो, म्हणून ती या पुस्तिकेच्या मुख्य विषयात बसत नाही. पण तिच्याबद्दल एक प्रकरण आम्ही मुद्दाम ठेवलं आहे, कारण तंबाखूची चर्चा पुरुषांपाशी सुरू होऊन पुरुषांपाशीच संपते.

आता मूळ प्रश्नाकडे. वास नेमकं करतो काय?

ज्याने कधी तंबाखू खाल्लेली नाही त्याला ती दिली, तर त्याला ती ‘लागते’. डोकं गरगरतं, कपाळावर घाम फुटतो, मळमळतं, कधी उलटी होते. घशाखाली गेलेला रस जाळत जातो. चव कडवट आणि तिखट. शरीराने दिलेला हा स्पष्ट नकार आहे आणि पुष्कळ मुलं या पहिल्या नकारापाशीच थांबतात. साध्या तंबाखूचा पहिला बार सोसून दुसऱ्या बारापर्यंत पोचायला शेतावरचं किंवा कारखान्यावरचं वातावरण लागतं, सोबत्यांचा आग्रह लागतो, थोडा निगरगट्टपणाही लागतो. सुगंधी माल हा नकारच पुसून टाकतो. साखर किंवा सॅकरिनने कडवटपणा झाकला जातो. वेलदोडा, केवडा, गुलाब, चंदन यांनी पानाचा उग्र दर्प झाकला जातो. मेंथॉलचं काम याहून खोल आहे. आपल्या तोंडातल्या आणि घशातल्या ज्या चेतातंतूंना गारवा कळतो, त्यांना मेंथॉल थेट चेतवतं. प्रत्यक्षात तिथे गार काहीच नसतं, तरी मेंदूला गार वाटतं आणि त्या गारव्याखाली निकोटीनची आग जाणवत नाही. लवंगेतलं युजेनॉल तर चक्क बधिर करतं. दाढ दुखली की आपण लवंग धरतो ती याचसाठी. मेंथॉलमुळे निकोटीन शरीरातून निघून जायला अधिक वेळ लागतो, असंही अभ्यासात दिसलं आहे. तेव्हा याला ‘नुसता स्वाद’ म्हणता येत नाही. औषधाच्या गोळीवरच्या साखरेच्या लेपासारखं ते आहे. फरक इतकाच की इथे लेपाखाली विष आहे.

चुन्याचाही इथे उल्लेख हवा, कारण तो वासाचा जोडीदार आहे. निकोटीन आम्लधर्मी माध्यमात असेल तर गालाच्या आतल्या अस्तरातून सहज शिरत नाही. चुन्याने माध्यम अल्कधर्मी झालं की निकोटीन मोकळं होतं आणि भराभर रक्तात उतरतं. आपल्या आज्या-पणज्यांनी रसायनशास्त्र न शिकता हे शोधून काढलं होतं. चुना मारा वाढवतो आणि वास तो मारा सोसायला लावतो. गुटख्याच्या पुडीत दोन्ही मापून, सुपारी आणि काताबरोबर घातलेले असतात.

टपरीवर मावा घोटताना पाहिलं की हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. प्लॅस्टिकच्या चौकोनी कागदावर कातरलेली सुपारी, तिच्यावर चिमूटभर तंबाखू, बोटाच्या पेरावर बसेल एवढा ओला चुना. मग टपरीवाला खालून एक डबी काढतो आणि त्यातली सुगंधी पूड शिवरतो. गिऱ्हाईक तिथे ‘थोडं जास्त टाक’ म्हणतं, आणि ते त्या सुगंधाबद्दल असतं, तंबाखूबद्दल क्वचित. कागदाची गुंडाळी करून लाकडी फळीवर ती दाबून घासली जाते, चुन्याने सगळं मिश्रण तांबूस होतं, हाताला ऊब लागते. रबर लावून पुडी पुढे येते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. कारखाना बंद केला तरी हा माल बंद होत नाही, कारण कारखाना टपरीवरच आहे. बाहेरून येते ती फक्त सुगंधाची डबी.

वासाचं दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. व्यसन लागल्यावर वास निकोटीनची वर्दी देणारा होतो. माणसाच्या मेंदूत तो विशिष्ट गंध आणि निकोटीनने मिळणारं समाधान यांची इतकी पक्की गाठ बसते की नुसत्या गंधाने तलफ उठते. निकोटीन काढून टाकलेल्या सिगारेटचा धूरही काही वेळ तलफ शमवतो, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: निकोटीन स्वतः जेवढं सुख देतं त्यापेक्षा ते सोबतच्या चवीचं, वासाचं, उजेडाचं सुख वाढवून दाखवतं. म्हणजे दोघं एकमेकांना मोठं करतात. म्हणूनच गुटखा खाणारा माणूस ‘गुटखा’ मागत नाही, ठराविक छाप मागतो. ती मिळाली नाही तर दुसरी नको असते. पानपट्टीवर ‘एकशेवीस-तीनशे’ मागणाऱ्याच्या जिभेवर जर्द्याचे आकडे असतात, तेही ठराविक सुगंधाचे आकडे. सोडू पाहणाऱ्याला आम्ही म्हणूनच पहिल्यांदा विचारायला सांगतो की तुझ्या पुडीला वास कसला येतो. उत्तर देताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यावरून किती काम बाकी आहे ते समजतं.

सुगंधी तंबाखू आपल्याकडे नवी नाही. किमाम होता, जर्दा होता, तपकिरीत अत्तर होतं. पण ते सगळं पानाच्या बैठकीत होतं आणि पान लावायला वेळ, पैसा आणि जागा लागत असे. १९७० च्या दशकात कानपुरातून पानमसाला डब्यांत आणि मग छोट्या पाकिटांत आला, पाठोपाठ तंबाखू घातलेला गुटखा आला आणि पानाची सगळी मैफल रुपया-दोन रुपयांच्या पुडीत कोंबली गेली. पानपट्टीपाशी थांबायची गरज उरली नाही. पुण्याचा माणिकचंद घराघरांत पोचला. काही वर्षं तर फिल्मफेअर पुरस्कारांच्या नावाआधी त्याचं नाव लागत असे. पुडी खिशात मावते, दप्तरात मावते, कंपासपेटीत मावते. आणि घरी आल्यावर मुलाच्या तोंडाला मुखवासासारखा वास येतो, तेव्हा आईला शंका येत नाही. विडीचा वास लपत नव्हता. हा वास स्वतःच लपण्याची जागा आहे.

मुलाची सुरुवात बहुतेक वेळा तंबाखूपासून होतच नाही. गोड सुपारीपासून होते. लग्नात, बारशात, हॉटेलच्या बडीशेपेच्या ताटलीत ती रंगीत सुपारी असते, आपणच ती मुलांच्या हातावर ठेवतो. तिथून पानमसाला, तिथून गुटखा, आणि पुढे सुगंध पुरेनासा झाला की मावा किंवा चुना-तंबाखू. ही चढती पायरी कुणाच्या कल्पनेतली नाही. अमेरिकेत चघळण्याच्या तंबाखूच्या एका मोठ्या कंपनीने नवख्यांसाठी चेरीसारख्या चवीचा, कमी निकोटीनचा माल आणि मुरलेल्यांसाठी कडक माल अशी आखणीच केली होती. संशोधकांनी कंपनीच्या कागदपत्रांतून ती उघड केली. ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीच्या १९७२ च्या अंतर्गत टिपणात तर किशोरवयीनांना गोड आवडतं, तेव्हा मधाचा विचार करावा, अशा अर्थाची सूचना होती. आपल्या गोड सुपारीवाल्याने असं टिपण लिहिलं असेल असं नाही. पण शाळेच्या वाटेवर गोळ्या-चॉकलेटांच्या शेजारी ती पाकिटं टांगायला टिपण लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्येच सुपारीला मानवात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं, आधी तिखट सोसत नाही, मग तोंड पुरतं उघडत नाही. तीन बोटं उभी जायची तिथे दोन जातात, मग एक. दंतवैद्याकडे दात दाखवायला आलेल्या कोवळ्या मुलात हे दिसतं तेव्हा त्याच्या आईला कळतच नाही की हा कसला आजार. या ताठरलेल्या अस्तरात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सगळ्यांत पुढे आहे. त्या आजाराच्या उपचारासाठी या तिन्ही गावांतून लोक परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात, आणि त्यातले बरेच उशिरा धरतात. आम्ही पुस्तिकेत आरशासमोर उभं राहून स्वतःचं तोंड कसं तपासावं, हे चित्रांसह दिलं आहे. तेवढं एक प्रकरण जरी घराघरांत वाचलं गेलं तरी श्रम सार्थकी लागले असं मी समजेन.

आता कायद्याची हकीकत. ती गुंतागुंतीची आहे, पण ती कळल्याशिवाय आपल्या गल्लीत जे दिसतं त्याचा अर्थ लागत नाही.

पहिला धडा दंतमंजनाचा. लवंगतेल, पुदिना असं घालून दातांना लावायची तंबाखू टूथपेस्टच्या ट्यूबसारख्या ट्यूबमधून विकली जात होती. १९९२ मध्ये केंद्राने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती कायम ठेवली. म्हणजे वासाआड लपलेल्या तंबाखूशी सरकारची गाठ तेव्हापासूनची आहे. मग ऑगस्ट २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाल्यावर पाच वर्षांची बंदी घातली. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २००४ मध्ये गोदावत पानमसाला खटल्यात ती बंदी रद्द झाली. अन्नभेसळीच्या जुन्या कायद्याखाली राज्याला हा अधिकार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तंबाखूचा स्वतंत्र केंद्रीय कायदा २००३ मध्ये आला होता, पण त्यात जाहिरात, इशारे, वय, शाळेपासूनचं अंतर हे सगळं आहे. तंबाखूत काय मिसळावं आणि काय नाही, यावर तो जवळजवळ गप्प आहे.

वाट उघडली ती २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि त्याखालच्या २०११ च्या नियमाने. कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही, असं तो नियम म्हणतो. एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने त्याचा आधार घेतला, जुलैत महाराष्ट्राने. तेव्हा महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. माणिकचंद बनवणारे धारिवाल आणि इतर उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये बंदीला स्थगिती द्यायला नकार दिला. तंबाखूच्या साध्या पानाला अन्न म्हणणं कठीण, पण चवीसाठी आणि वासासाठी पदार्थ मिसळलेली तंबाखू अन्नाच्या व्याख्येत बसवता येते. या धाग्यावर २०१३ चा विस्तारित आदेश आणि आजची सगळी बंदी टांगलेली आहे.

धागा बारीक आहे. अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ३० आयुक्ताला एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची बंदी घालू देतं, म्हणून दर जुलैत नवा आदेश निघतो. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूची अशीच वर्षावर्षाची बंदी रद्द केली होती. हा अधिकार आणीबाणीपुरता आहे, कायमच्या बंदीसाठी नाही, असं त्या न्यायालयाचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली म्हणून धागा तुटला नाही. शिक्षेचंही असंच झालं. गुटख्याच्या गुन्ह्यात भारतीय दंडसंहितेची कलमं लावता येतात की फक्त अन्न कायद्याची, यावर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एक म्हटलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं, आणि २०२४ मध्ये दुसऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच असुरक्षित अन्नाच्या बाबतीत अन्न कायद्याला वरचढ ठरवलं. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने कोणतं कलम लिहायचं हे दर काही वर्षांनी बदलत असेल, तर आरोपी सुटतो याचं आश्चर्य वाटू नये.

कंपन्यांनी यातून काढलेली पळवाट सगळ्यांना माहीत आहे. गुटखा एका पुडीत विकता येत नाही ना, मग दोन पुड्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, गिऱ्हाइकाने तळहातावर एकत्र करायची. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये या जोडपुड्यांवरही कारवाई करायला सांगितलं. महाराष्ट्रात पानमसालाच बंद असल्यामुळे इथे दोन्ही पुड्या एकत्र विकणं तसंही बेकायदा. पण शेजारच्या राज्यांतून माल येतो, टेम्पोतून उतरतो आणि बातमी येते ती इतक्या लाखांचा साठा पकडल्याची. छापा नेहमी साठ्यावर आणि टपरीवर पडतो. सुगंध बनवणारा, तो मिसळणारा आणि त्याची जाहिरात करणारा यांच्यापर्यंत तो पोचलेला मी तरी क्वचितच वाचला आहे.

जगात इतरत्र काय झालं ते पाहिलं की ही पळवाट फक्त आपली नाही हे समजतं. युरोपीय संघाने २०१६ मध्ये सिगारेटमधल्या ठळक स्वादांवर आणि मे २०२० मध्ये मेंथॉलवर बंदी आणली. लगेच बाजारात स्वादाची कार्डं आली; पाकिटात सरकवून ठेवायची, सिगारेटींना वास लागतो. आपल्या जोडपुडीचा हा युरोपीय भाऊ. कॅलिफोर्नियात २०२२ च्या मतदानानंतर स्वादबंदी लागू झाली, तेव्हा मेंथॉलचा वास नसलेली पण तसाच गारवा देणारी कृत्रिम द्रव्यं घालून सिगारेटी निघाल्या. अमेरिकेने २००९ मध्ये मेंथॉल वगळून बाकी सगळे स्वाद बंद केले आणि त्यात लवंगेच्या सिगारेटी गेल्या. इंडोनेशियाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, आमची लवंग बंद आणि तुमचं मेंथॉल चालू हे कसं, आणि २०१२ मध्ये ती तक्रार मान्य झाली. अर्धवट बंदी न्यायालयातही टिकत नाही आणि बाजारातही. उलट कॅनडाने प्रांतामागून प्रांत करत २०१७ मध्ये देशभर मेंथॉल बंद केलं, तेव्हा मेंथॉल ओढणाऱ्यांनी इतरांपेक्षा जास्त प्रमाणात सिगारेट सोडल्याचं अभ्यासात दिसलं. स्वाद गेला की काही माणसं खरोखर सुटतात.

भारताने जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला २००४ मध्येच मान्यता दिली आहे. त्या कराराच्या ९ आणि १० या कलमांच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना तंबाखू रुचकर करणारी द्रव्यं रोखायला सांगतात. आपल्या केंद्रीय तंबाखू कायद्यात अजून तशी तरतूद नाही. त्यामुळे एक विचित्र स्थिती आहे: महाराष्ट्रात वेलदोड्याच्या वासाची चघळायची तंबाखू बेकायदा, आणि फिल्टरमधली गोळी चिमटीत फोडल्यावर पुदिन्याचा किंवा फळाचा स्वाद देणारी सिगारेट त्याच टपरीवर राजरोस. सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीला सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने बंदी केली, तरी कॉलेजच्या पोराला ती गोळीची सिगारेट एकेक करून मिळते. फळांच्या वासाच्या हुक्क्याची पार्लर राज्याने २०१८ मध्ये, मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर, बंद केली. इ-सिगारेट केंद्राने २०१९ मध्ये. या दोन्ही बंदी मला योग्य वाटतात. पण पैसेवाल्या घरच्या मुलाच्या वासापुरता केंद्राचा स्वतंत्र कायदा आणि जीन्सच्या गाळ्यातल्या मुलाच्या वासाला दर जुलैचा आदेश, ही विषमता मला मान्य नाही.

मग बंदीचा उपयोग झाला की नाही? प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होता, तो २०१६-१७ मध्ये २६.६ वर आला. हे सगळं श्रेय बंदीला देणं चूक ठरेल. याच काळात पाकिटावरच्या चित्रांनी ८५ टक्के जागा घेतली, शाळांतून मोहिमा झाल्या, किमती वाढल्या. पण राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे आणि फक्त ३.८ टक्के धूम्रपान करणारे, हे त्याच सर्वेक्षणाने सांगितलं. आपली लढाई तोंडातल्या तंबाखूशी आहे, हे या आकड्यांवरून कुणालाही समजेल.

टपरीवाल्याबद्दल दोन शब्द. या पुस्तिकेच्या बैठकांत टपऱ्या उखडून टाका, असा सूर वारंवार निघाला. मी त्याच्याशी सहमत नाही. स्टेशनच्या जिन्याखाली बसलेल्या माणसाच्या पोटावर पाय देऊन हा प्रश्न सुटत नाही. उद्या तिथे दुसरा बसेल आणि डबी तीच असेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान चालवलं, त्यात गावांनी स्वतः ठराव करून दुकानांत खर्रा ठेवू दिला नाही. विकणारा आणि खाणारा एकाच गावचे असतात आणि गावाचं म्हणणं पोलिसांपेक्षा जास्त चालतं, हे तिथे दिसलं. आपल्या सोसायट्या, व्यापारी मंडळं आणि रिक्षा स्टँड गावासारखे वागू शकतात की नाही, हे करून पाहण्यासारखं आहे.

कायद्याच्या बाजूने माझी मागणी सरळ आहे. केंद्राच्या तंबाखू कायद्यातच स्वाद, सुगंध आणि गारवा देणाऱ्या सगळ्या द्रव्यांना, चघळण्याच्या आणि ओढण्याच्या दोन्ही मालांत, एकाच वेळी मनाई हवी. आणि तंबाखूसोबत वापरण्यासाठी वेगळ्याने विकल्या जाणाऱ्या सुगंधालाही तीच मनाई हवी. गोड सुपारीला शाळेच्या १०० यार्डांत तंबाखूचाच नियम लागावा. तोवर राज्याचा आदेश आहे तो टिकवावा लागेल, आणि त्याची अंमलबजावणी टपरीपेक्षा गोदामावर आणि गोदामापेक्षा कारखान्यावर व्हायला हवी.

वाचकाला मात्र कायद्याची वाट पाहायची गरज नाही. शिक्षकांनी मुलाला ‘तू तंबाखू खातोस का’ असं विचारू नये. त्याचं उत्तर नाही हेच येणार. कोणती सुपारी आवडते, असं विचारावं आणि ऐकत राहावं. आईवडिलांनी लग्नकार्यातल्या रंगीत सुपारीचं ताट मुलांपुढून उचलावं. आणि ज्याला सोडायची आहे त्याने, किंवा त्याच्या घरच्यांनी, प्रत्येक तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक लावावा. तो मोफत आहे.